पाऊण टक्का कोणाचा, सव्वातीन टक्के कोणाचे?

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस गोखिवऱ्यापासून सातिवली-वालीवपर्यंत ज्या औद्योगिक वसाहती पसरल्या आहेत, त्यांतील गाळ्यागाळ्यांत महिन्याकाठी वेतनचिठ्ठी मिळते, निदान जेथे ती मिळते तेथे, तिच्यावर एक लहानसा आकडा असतो. पगार १५,००० रुपये असेल तर तो ११३ रुपयांचा. राज्य कामगार विमा योजनेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘ईएसआय’ची, ही कामगाराची वर्गणी होय. वेतनाचा पाऊण टक्का. त्याच वेतनावर मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये भरतो. पण हा आकडा चिठ्ठीवर क्वचितच दिसतो. कामगाराच्या लेखी ११३ रुपये ही एक कपात असते, मालकाच्या लेखी ४८८ रुपये हा एक भुर्दंड असतो, आणि सरकारच्या लेखी या दोहोंची बेरीज ही एक ‘कल्याणकारी योजना’ असते. हा पैसा मुळात कोणाचा, हा प्रश्न या तिन्ही हिशेबांत कोठेच येत नाही. कामगार चळवळीनेही तो बऱ्याच वर्षांत नेटाने विचारलेला नाही. दर वाढला किंवा घटला की तेवढ्यापुरते पत्रक काढावयाचे आणि पुढे विसरून जावयाचे, अशी सवय पडली आहे. वस्तुतः वर्गणीचा दर, तिची वरची मर्यादा आणि तिच्या कक्षेत कोण येतो हे ठरविणारे नियम, यांतूनच गाळ्यात किती माणसे कामावर दाखविली जातील, कोणाचा पगार कोठे थांबेल आणि आजारपणात कोणाच्या घरी कर्ज शिरेल हे ठरत असते.

योजनेचा इतिहास कार्यकर्त्यांना सर्वसाधारणपणे ठाऊक आहे. तरी त्यातील एक धागा येथे उकलून दाखविणे अवश्य आहे. १९४३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला, १९४८ साली कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबईच्या कामगारांपर्यंत पोहोचली. परंतु त्याआधी काय होते? अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्यान्वये ज्या त्या मालकाने द्यावयाची होती. बाळंतपणाचा भत्ता मुंबई प्रांताच्या १९२९ च्या कायद्यान्वये ज्या त्या गिरणीमालकाने द्यावयाचा होता. कायदे पुरोगामी होते, यात शंका नाही. मात्र ज्याच्याकडे स्त्री कामगार अधिक, त्याच्यावर बोजा अधिक, अशी त्यांची रचना असल्यामुळे स्त्रीला कामावर न घेणे हा बोजा टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरत होता. सामाजिक विम्याने या रचनेलाच छेद दिला. एका मालकाची जबाबदारी ही सर्व मालकांची व सर्व कामगारांची सामायिक जबाबदारी झाली. आज गोखिवऱ्यातील एखाद्या शिवणकामाच्या गाळ्यात विमाधारक स्त्री कामगार बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर तिचे २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन विमा महामंडळाच्या निधीतून येते. मालकाने वर्गणी आधीच भरलेली असते. गाळ्यात स्त्रिया दहा असोत वा शून्य, दर तोच. वर्गणीची रचना योग्य असेल तर मालकाच्या स्वार्थालाही समाजहिताच्या आड येता येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आणखी एक विसरलेली गोष्ट. प्रारंभी ही योजना देशभर एकाच वेळी लागू करणे शक्य नव्हते. तेव्हा कानपूरच्या मालकांनी तक्रार केली की आपण वर्गणी भरावयाची आणि अन्यत्रच्या कारखान्यांनी भरावयाची नाही, तर बाजारात आपला माल महाग पडेल. ही तक्रार खोटी नव्हती. १९५१ साली कायद्यात दुरुस्ती करून जेथे योजना पोहोचली नव्हती तेथील मालकांवरही काहीशा कमी दराने विशेष वर्गणी बसविण्यात आली. स्पर्धेचा मुद्दा मांडणाऱ्याला सवलत देण्याऐवजी इतरांना कक्षेत आणून त्या सरकारने तो निकालात काढला. पुढच्या विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण अलीकडच्या सरकारांनी नेमकी उलटी वाट धरली आहे.

आता मूळ प्रश्न. सव्वातीन टक्के मालक ‘स्वतःच्या खिशातून’ भरतो काय? कायद्याने तरी तशीच अपेक्षा केली आहे. मालकाने आपला वाटा कामगाराच्या वेतनातून कापून घेता कामा नये आणि वर्गणी भरावी लागते या कारणास्तव वेतन कमी करता कामा नये, अशी दोन स्पष्ट कलमे १९४८ च्या कायद्यात होती. तरीही गेल्या काही वर्षांत ‘कंपनीला पडणारा एकूण खर्च’ या नावाखाली पगार ठरविण्याची जी पद्धत मोठ्या कंपन्यांतून लहान गाळ्यांपर्यंत उतरली आहे, तिच्यात मालकाचा वाटा आधीच कामगाराच्या बोलीत धरला जातो. अठरा हजार सांगावयाचे आणि दोन्ही वाटे त्यातूनच वजा करावयाचे. चालू वेतन कमी केलेले नाही, नवे वेतनच असे ठरले आहे, असे म्हटले की कलमाची अडचण उरत नाही. अर्थशास्त्रज्ञ या प्रक्रियेला कराचा अंतिम भार म्हणतात. चिलीमध्ये लष्करी राजवटीने १९८१ साली वेतनावरील सामाजिक विम्याच्या वर्गण्या झपाट्याने खाली आणल्या. त्या अनुभवाचा अभ्यास जोनाथन ग्रुबर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की वर्गणीतील घट जवळजवळ सगळी वेतनात परावर्तित झाली आणि रोजगारात मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. यातून दोन गोष्टी निघतात. वर्गणी कमी केली की रोजगार वाढेल, हा उद्योगपतींच्या संघटनांचा आवडता सिद्धांत त्यांनी गृहीत धरावा इतका पक्का नाही. आणि मालकाचा वाटा हाही अखेर कामगाराच्या श्रमाच्या मोबदल्याचाच भाग आहे. तो हातात न येता निधीत जातो एवढेच.

समाजवाद्यांना हे ऐकून बिचकण्याचे कारण नाही. मालकाचा वाटा हे मालकाचे दान नसून कामगाराचे लांबणीवर टाकलेले वेतन आहे, असे मानले की त्या पैशावरील कामगाराचा हक्क अधिकच बळकट होतो. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा विमा आणला तेव्हा कामगाराने दोन भाग आणि मालकाने एक भाग भरावयाचा होता. पण त्याच प्रमाणात विमा मंडळांच्या कारभारात कामगारांना दोन तृतीयांश जागा मिळाल्या, आणि त्या जागांवरूनच तेथील समाजवादी कार्यकर्त्यांच्या एका पिढीने प्रशासनाचे शिक्षण घेतले. ब्रिटनमध्ये १९११ साली लॉइड जॉर्जने कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन असा हिशेब मांडला. प्रत्येक हिशेबामागे सत्तेचे एक वाटप होते. आपल्याकडे मात्र आकडे तेवढे आले. महामंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असतात, हे खरे. पण गोखिवऱ्यातील ज्या कामगाराच्या गाळ्यात संघटनाच नाही, त्याचे प्रतिनिधित्व तेथे कोण करतो, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही.

या पार्श्वभूमीवर जुलै २०१९ च्या निर्णयाकडे पाहावे. १९९७ पासून मालकाचा वाटा पावणेपाच टक्के आणि कामगाराचा पावणेदोन टक्के, मिळून साडेसहा टक्के असा दर होता. १ जुलै २०१९ पासून तो सव्वातीन आणि पाऊण, मिळून चार टक्क्यांवर आणला गेला. कामगाराचा भार निम्म्याहून कमी झाला, असा गाजावाजा झाला. १५,००० रुपये पगारावर हिशेब करून पाहा. कामगाराचे महिन्याला १५० रुपये वाचले, मालकाचे २२५ रुपये वाचले आणि निधीचे ३७५ रुपये गेले. निधीची आवक जवळजवळ दोन पंचमांशाने घटविणारा हा निर्णय होता. २०१८-१९ या वर्षी ३ कोटी ६० लाख कामगार व १२ लाख ८५ हजार मालक यांनी मिळून २२,२७९ कोटी रुपये या योजनेत भरले होते, असे सरकारनेच जाहीर केले होते. एवढ्या मोठ्या सामायिक वेतनातून दोन पंचमांशाला हात घालताना, मालकाच्या वाट्यातील वाचलेला दीड टक्का वेतनात मिळवावा अशी एक ओळही सरकारने घातली नाही. जेथे संघटना आहे तेथे पुढच्या करारात हा दीड टक्का मागून घेता आला असता. जेथे ती नाही तेथे तो मागणार कोण? चिलीत घट वेतनात उतरली म्हणून वसईतही आपोआप उतरेल, असे मानण्यास आधार नाही. शेजारच्या फलाटावर कामाच्या शोधात नवा माणूस रोज उतरत असताना वेतनाची सौदाशक्ती बाजाराच्या सूत्राने वाढत नसते.

येथे लहान मालकाची बाजूही नीट ऐकली पाहिजे. गोखिवऱ्यातील गाळेधारक हा बहुधा मोठ्या कंपनीचे जॉबवर्क करणारा, भाड्याच्या जागेत चार यंत्रे टाकून बसलेला माणूस असतो. १५,००० रुपये पगाराची दहा माणसे त्याच्याकडे असतील तर २०१९ च्या कपातीने त्याचे महिन्याला २,२५० रुपये वाचले. त्याच्यावर खरे संकट येते ते बड्या ग्राहकाने बिले थकविली म्हणजे. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत, असा कायदा २००६ पासून आहे. तो कठोरपणे राबविला असता तर त्याला याच्या कितीतरी पट दिलासा मिळाला असता. पण त्यासाठी बड्या भांडवलदाराला धक्का लावावा लागला असता. त्यापेक्षा कामगाराच्या औषधोपचाराच्या निधीतून लघुउद्योगाला सूट देणे सोपे.

दराहूनही अधिक अपाय दोन मर्यादांनी केला आहे. पहिली वेतनाची. १९४८ साली ती ४०० रुपये होती. वेळोवेळी वाढत ती २०१० साली १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. त्यानंतर २०२५ संपेपर्यंत ती हलली नव्हती, महागाई मात्र थांबलेली नव्हती. ही मर्यादा म्हणजे त्यापुढच्या पगारावर वर्गणी नाही अशी नव्हे. ती ओलांडली की कामगार योजनेतूनच बाहेर पडतो. म्हणजे हिशेब असा होतो. २१,००० रुपये पगाराच्या कुशल कामगारासाठी मालक दरमहा सुमारे ६८२ रुपये भरतो आणि कामगार सुमारे १५७. मालकाने त्याला ५०० रुपयांची वाढ दिली की दोघांचीही वर्गणी बंद होते. मालकाला ५०० रुपये देऊन १८२ रुपयांचा नफा होतो! कामगाराच्या हातात दरमहा सुमारे साडेसहाशे रुपये अधिक येतात, तो आनंदाने पेढे वाटतो, आणि त्या वर्गणीकालाशी जोडलेला लाभकाल संपला की बायको, मुले आणि वृद्ध आईवडील यांच्या उपचारांचे छत्र डोक्यावरून उडालेले असते. साठीपुढच्या आईवडिलांसाठी खाजगी विमा कंपनीच्या दारात उभे राहिल्यावर त्या साडेसहाशे रुपयांची किंमत त्याला कळते. स्त्री कामगाराच्या बाबतीत तर चक्र थेट १९२९ सालाकडे फिरते. मर्यादा ओलांडताच ती सामायिक निधीतून बाहेर पडून मातृत्व लाभाच्या तरतुदींखाली येते, तिचे २६ आठवड्यांचे वेतन एकट्या मालकाच्या माथी बसते, आणि बढतीच्या वेळी मालक काय विचार करील हे सांगावयास नको. त्याच कारखान्यात महिना दोन लाख रुपये घेणारा व्यवस्थापक मात्र या सामायिक निधीत एक पैही टाकीत नाही. जर्मनीतही ठराविक मर्यादेपलीकडच्या पगारावर वर्गणी नाही आणि वरच्या पगाराच्या लोकांना खाजगी विम्याकडे जाण्याची मुभा आहे. तेथील डाव्या पक्षांचा त्यावर जुना आक्षेप आहे. आपल्याकडे ती मुभाही नाही, सक्तीची हकालपट्टी आहे. ज्याचे उत्पन्न अधिक आणि आजार कमी, त्यालाच निधीतून वगळावयाचे आणि मग निधी कामगारांना पुरे पडत नाही म्हणून हळहळावयाचे, असा हा प्रकार आहे.

तळाची मर्यादा याहून विनोदी आहे. रोजी १७६ रुपयांपर्यंत मिळविणाऱ्याला स्वतःचा वाटा माफ, असा नियम २०१९ साली झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय पायाभूत वेतन १७८ रुपये जाहीर केले होते. म्हणजे जो कायद्याप्रमाणे किमान वेतन घेतो त्याला ही माफी मिळू शकत नाही आणि ज्याला मिळू शकते त्याच्या मालकाला तुरुंगात असावयास हवे.

दुसरी मर्यादा माणसांची. दहा किंवा अधिक माणसे असतील तर योजना लागू. एकदा लागू झालेली योजना माणसे कमी झाली तरी सुटत नाही, अशी तरतूद १९८९ च्या दुरुस्तीने केली हे चांगले झाले. परंतु गाळ्यांची वसाहत ही जणू या तरतुदीवर उतारा म्हणून बांधलेली असावी. एका मजल्यावर तीन गाळे, एक मालकाच्या नावावर, एक त्याच्या पत्नीच्या, एक भावाच्या. प्रत्येकात नऊ माणसे. माल मात्र एकाच टेम्पोत चढतो. कामाची साखळी एक असेल तर कागदावरचे तीन कारखाने एकच धरता येतात, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे; पण ते सिद्ध करावयाचे म्हणजे निरीक्षकाने गाळ्यात जावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा की कायदा लहान राहण्याला बक्षीस देतो. दहावा माणूस कामावर घेणे हे मालकाला एका माणसाच्या पगाराहून महाग पडते, कारण आधीच्या नऊ माणसांची वर्गणीही त्या दिवसापासून सुरू होते. याला उपाय १९५१ चाच आहे. माणसांची अटच काढून टाकावी. सर्वांनी भरावयाचे म्हटले की न भरणाऱ्याला स्पर्धेत मिळणारा फायदा संपतो.

कंत्राटी कामगारांची कथा त्याहून कटू. मूळ मालकाने आधी वर्गणी भरावी आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे कायदा सांगतो. वर्गणीचे सहामाही काल ठरलेले आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एका कालात ७८ दिवसांची वर्गणी जमा झाली असेल तरच पुढील लाभकालात आजारपणाचा रोख भत्ता मिळतो. तो वेतनाच्या ७० टक्के व वर्षात ९१ दिवसांपर्यंत. जो कामगार दोन महिने एका कंत्राटदाराकडे, मग एक महिना घरी, मग पुन्हा दुसऱ्या कंत्राटदाराकडे नव्या विमा क्रमांकावर काम करतो, त्याची वर्गणी कापली जाते पण ७८ दिवस एका खात्यावर भरत नाहीत. त्याचे पैसे निधीत राहतात आणि भत्ता कायम कामगाराला मिळतो. गरिबाने भरावयाचे व त्याहून थोड्या सुस्थितीतल्याने घ्यावयाचे, अशी उलटी गंगा सामाजिक विम्याच्या नावाखाली येथे वाहते. कायम कामगारांच्या संघटनांनी या गोष्टीकडे आजवर काणाडोळा केला, हे सांगितलेच पाहिजे.

एकसमान दराचा आणखी एक परिणाम आहे आणि तो बोटांत मोजता येतो; दुर्दैवाने अक्षरशः. पॉवर प्रेसवर संरक्षक जाळी न बसविणारा गाळेवाला आणि ती बसविणारा, दोघेही सव्वातीन टक्केच भरतात. बोट तुटले तर भरपाई निधी देतो. बाळंतपणाच्या बाबतीत जी एकसमानता न्यायाची, तीच अपघाताच्या बाबतीत बेफिकिरीला अभय देणारी ठरते, कारण बाळंतपण ही मालकाची चूक नसते आणि जाळी नसणे ही असते. जर्मनीत १८८४ पासून अपघात विम्याची वर्गणी एकट्या मालकांकडून घेतली जाते आणि धंद्यातील धोक्यानुसार तिचे दर वेगळे असतात. आपल्याकडे आजारपण, बाळंतपण व अपघात एकाच दरात बांधले गेले. त्यातील अपघाताचा भाग सुटा करून तो मालकाच्या वागणुकीशी जोडण्यास आता हरकत नसावी.

निधीत पैसा शिल्लक पडतो, म्हणून दर कमी केला, असे २०१९ च्या निर्णयाचे समर्थन करण्यात आले. शिल्लक का पडतो? गोखिवऱ्यातील कामगार गंभीर आजारी पडला की त्याला खाडी ओलांडून कांदिवलीच्या कामगार रुग्णालयाची वाट धरावी लागते. अंधेरी-मरोळचे रुग्णालय १७ डिसेंबर २०१८ च्या आगीनंतर, ज्या आगीत रुग्ण व नातलगांचे प्राण गेले, दीर्घकाळ बंदच राहिले. जून २०२२ मध्ये महामंडळाने देशात १०० खाटांची २३ नवी रुग्णालये मंजूर केली, त्यात पालघरचे नाव आहे. पालघर शहर वसईहून चाळीसएक किलोमीटर उत्तरेला आहे. कारखाने वसईला दाटलेले. एका दिवसाचा रोज बुडवून, दोन गाड्या बदलून, रांगेत उभे राहण्यापेक्षा कामगार नाक्यावरच्या खाजगी डॉक्टरला दोनशे रुपये देऊन गोळ्या घेतो. त्याने न घेतलेली सेवा महामंडळाच्या ताळेबंदात शिल्लक म्हणून दिसते. ही शिल्लक काटकसरीची नव्हे, कामगाराने रांगेला कंटाळून सोडलेल्या हक्काची आहे. आणि तिचे काय करावयाचे ठरले? डिसेंबर २०२२ मध्ये महामंडळाने शिलकी निधीचा एक भाग, प्रारंभी पाच टक्के व पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत, शेअर बाजाराशी निगडित फंडांत गुंतविण्यास मंजुरी दिली. वसईच्या कामगाराचा पैसा दलाल स्ट्रीटला विनासायास पोहोचतो. त्याला मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचता येत नाही.

वैद्यकीय खर्चात राज्य सरकारचा वाटा अष्टमांशाचा ठरलेला आहे. उरलेले सात भाग वर्गणीतून, म्हणजे पुन्हा वेतनातूनच. दुसरीकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारखी योजना सर्वसाधारण करांतून चालते, वर्गणी घेत नाही आणि आता उत्पन्नाची अट न ठेवता राज्यातील सर्व कुटुंबांना लागू केली गेली आहे. मग कामगाराने वर्गणी तरी का भरावी, असा प्रश्न काही सहानुभूतीदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. करांतून चालणारी, सर्वांना खुली, सरकारी रुग्णालयांवर उभी असलेली आरोग्यसेवा हेच समाजवाद्यांचे उद्दिष्ट असले पाहिजे. ब्रिटनने १९४८ साली ते करून दाखविले. पण फुले योजना ती नव्हे. ती रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या ठराविक उपचारांची बिले चुकविते. आजारपणात बुडालेला रोज भरून देत नाही, बाळंतपणाचे वेतन देत नाही, अपघाती मृत्यूनंतर विधवेला निवृत्तिवेतन देत नाही. कामगाराच्या घरात आजारपणाने शिरणारे कर्ज निम्मे औषधाचे आणि निम्मे बुडालेल्या पगाराचे असते. हे दुसरे कर्ज अडविणारी व्यवस्था आज तरी ईएसआयखेरीज कोणतीही नाही. म्हणून ती मोडकळीला आणून कामगाराला बिल-भरपाईच्या योजनांकडे ढकलण्याचा जो कल दिसतो, त्याला विरोध केला पाहिजे.

त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. तिच्यातील वेतनाची नवी व्याख्या कार्यकर्त्यांनी बारकाईने वाचावी. जुन्या कायद्यात घरभाडे भत्ता व बहुतेक रोख भत्ते वर्गणीसाठी वेतनात धरले जात. नव्या व्याख्येत घरभाडे, अतिकालिक भत्ता वगैरे बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत वगळता येतात. यामुळे २१,००० च्या आत येणाऱ्यांची संख्या वाढेल, हे स्वागतार्ह. पण ज्याचे भत्ते मोठे आहेत त्याच्या वर्गणीचा पाया आकुंचित होईल, आणि आजारपणाचा व बाळंतपणाचा भत्ता त्याच पायावर मोजला जात असल्याने तोही आकुंचित होईल. ‘हातात अधिक पगार’ असे सांगून ही गोष्ट खपविली जाईल.

पक्षाच्या वसई तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे काम मोठे आहे, पण त्याची सुरुवात लहान आहे. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या वर्गणीकाल बदलण्याच्या तारखा आहेत. मर्यादेबाहेर काढले जाणारे कामगार त्या दिवशी बाहेर पडतात. या तारखांच्या आधी महिनाभर रेंज नाक्यावर, वालीव फाट्यावर, पाळी सुटण्याच्या वेळी टेबल टाकून बसावे. प्रत्येक कामगाराकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. चिठ्ठीवर वर्गणी कापली आहे काय, ती त्याच्या विमा क्रमांकावर जमा झाली आहे काय, आणि त्याला आजवर असे किती क्रमांक मिळाले. कापून न भरलेली वर्गणी हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, हे मालकांना ठाऊक आहे. कामगारांना सहसा ठाऊक नसते. शंभर कामगारांची अशी यादी घेऊन महामंडळाच्या कार्यालयात जाणाऱ्या शिष्टमंडळाला टाळता येत नाही, आणि त्या यादीतील अनेक क्रमांकांचे ७८ दिवस एकत्र जोडून देण्याची मागणी ही त्या शिष्टमंडळाची पहिली मागणी असावी.